थांबण्याची अक्कल

वर्ध्याच्या उन्हाळ्याची कीर्ती आम्ही वेगळी सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकला की भर दुपारी बजाज चौकातसुद्धा चिटपाखरू दिसत नाही. परगावचा पाहुणा याला आळस म्हणतो. आम्ही शहाणपण म्हणतो. आणि जीवशास्त्रज्ञ, वाचकहो, आमच्या बाजूचे आहेत!

शरीरातली पेशी एकीच्या दोन होते तेव्हा आधी आपल्या जनुकद्रव्याची नक्कल करते आणि मग वाटणी. नक्कल पुरी झाल्याशिवाय वाटणी होऊ न देणारे रखवालदार आत बसलेले असतात. ते ओळखायचे कसे? काढून टाकावेत तर पेशीच मरते. मग विचारायचे कुणाला? शास्त्रज्ञांनी तोड काढली. ज्यांच्या एखाद्या प्रथिनात असा बारीक दोष आहे की थंडाव्यात ते नीट चालते आणि तापले की ढिले पडते, अशा पेशी त्यांनी निवडल्या.

हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींचा असा एक वाण आहे, टीएसबीएन-२. ३३.५ अंशांवर तो सुखाने वाढतो. ३९.५ अंशांवर, म्हणजे आपल्याकडच्या १०३ च्या तापात, नक्कल सुरू न केलेली पेशी जागीच थांबते. पण नक्कल चालू असलेली पेशी काम अर्धवट टाकून वाटणीला धावते आणि तिच्या गुणसूत्रांची दैना होते. निशिमोतो आणि सहकाऱ्यांनी हे १९७८ साली दाखवले. पुढे माणसाचे एक जनुक तिच्यात घातल्यावर ती उन्हातही सावरली. रखवालदार सापडला, आणि तो आपल्याही घरचाच निघाला!

आमच्या कास्तकाराला यात नवल वाटणार नाही. धूळपेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, की सरकी मातीत जाते आणि दुबार पेरणी कपाळी येते.

पेशी काचपात्रात वाढवण्याची आपल्या देशातली पहिली प्रयोगशाळा पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात उभारली. जागा अगदी योग्य होती. कर्करोग म्हणजे तरी काय? थांबायचे विसरलेली पेशी. लेकरू वाढते याचे कौतुक घरोघरी होते. पण त्याच्या अंगातल्या कोट्यवधी पेशी वेळच्या वेळी थांबतात, म्हणून ते धडधाकट राहते.