नाव ठेवताना, नावे न ठेवता

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्यात बारशाचा पाळणा हलतो, दुसऱ्यात निंदेची कुजबूज ऐकू येते. कथा-कादंबऱ्या लिहिणारा प्रत्येक जण आपल्या पात्रांचे बारसे करीत असतो. हे बारसे करताना आपण नाव ठेवत आहोत की नावे ठेवत आहोत, याचे भान किती जणांना असते? प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. कथानक, शैली, आशय यांची चर्चा करणारी समीक्षाही पात्रांच्या नावांकडे क्वचितच वळते. परंतु एखादा समाज दुसऱ्या समाजाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे पात्राच्या नावाइतके स्पष्टपणे फार थोड्या गोष्टी सांगतात.

पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सूर्या नदीच्या काठी मासवण हे गाव आहे. येथील बंधाऱ्यातून उचललेले पाणी पालघर शहर आणि आसपासची गावे पितात. पश्चिमेला सातपाटीचा किनारा, उत्तरेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९मध्ये सुरू झालेला अणुवीज प्रकल्प, तर पूर्वेला डोंगर आणि त्यांच्या कुशीतले वनवासी पाडे. समजा, एखाद्या लेखकाला या मासवणची गोष्ट लिहायची आहे. एका घरातल्या तीन पिढ्या त्याने निवडल्या आहेत: आजी, तिचा मुलगा आणि बोईसरच्या कारखान्यात नोकरीला जाणारी नात. या तिघांची नावे काय ठेवावीत?

पुण्या-मुंबईत बसून लिहिणारा लेखक बहुधा पहिल्या सुचलेल्या नावावर थांबेल. आजी ‘बुधी’, मुलगा ‘सोम्या’ आणि नातही ‘मंगळी’! वनवासी पात्रे म्हटली की नावे अशीच असणार, हे त्याने गृहीत धरलेले असते. यातले आजीचे नाव चुकीचे नाही. वारली आणि त्यांच्या शेजारच्या जमातींत जन्मवारावरून नाव ठेवण्याची प्रथा जुनी आहे. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारची बुधी, शुक्रवारची सुकरी. पंचांग हाताशी नसलेल्या माणसांनी आपला जन्मवार नावात जपून ठेवला. पुढे पाड्यावर शाळा आली, हजेरीपट आला, रेडिओ आणि दूरचित्रवाणी आली आणि बारशाची नावे बदलली. बुधीच्या नातीचे नाव आज संगीता, प्रियंका किंवा ईश्वरीही असू शकते. तिला ‘मंगळी’ म्हणणारा लेखक वास्तववादी नसतो. त्याने तिला पन्नास वर्षे मागे नेऊन बांधून ठेवलेले असते. उलट, आजीला ‘सुलोचना’ म्हणणारा लेखक तिच्या जन्मावरच पांढरी सफेदी मारतो. तीन पिढ्यांची तीन योग्य नावे सापडली, तर शाळा, दूरदर्शन आणि कारखाना यांवर वेगळे प्रकरण लिहिण्याची गरज उरत नाही. तो बदल नावांतूनच वाचकापर्यंत पोहोचतो.

हा विचार आपल्याकडे नवा आहे, असे समजण्याचे कारण नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पात्रांच्या नावांसंबंधी स्वतंत्र सूचना आहेत. व्यापाऱ्यांची नावे ‘दत्त’ने संपावीत, गणिकांच्या नावांत ‘दत्ता’, ‘मित्रा’, ‘सेना’ अशी पदे असावीत, दासींना फुलांची नावे द्यावीत, असे तपशील तिथे येतात. शूद्रकाच्या मृच्छकटिकात याची चुणूक दिसते. गणिका वसंतसेना, जन्माने ब्राह्मण, पण सार्थवाहांच्या वस्तीत राहणारा नायक चारुदत्त. नाव ऐकताच प्रेक्षकाला पात्राचे स्थान कळे. आज ही वर्गवारी जशीच्या तशी कोणी स्वीकारणार नाही, स्वीकारूही नये. परंतु त्याच ग्रंथातील एक सूचना विसरता येणार नाही. चेटांना, म्हणजे सेवकांनाही, मंगल अर्थाची नावे द्यावीत, असे नाट्यशास्त्र सांगते. चारुदत्ताची गाडी हाकणाऱ्या सेवकाचे नाव आहे वर्धमानक, म्हणजे वृद्धी पावणारा. रंगभूमीवरचा गाडीवानसुद्धा मंगल नाव घेऊन प्रवेश करावा, हा विचार ज्या परंपरेने केला, तिच्या वारसांनी आपल्या कथांतील गड्यांची, मोलकरणींची आणि पाड्यावरच्या माणसांची नावे कशी ठेवली, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

मराठी नाटकाने आरंभी अर्थवाही नावांचा मार्ग धरला. देवलांच्या ‘संगीत शारदा’मध्ये (१८९९) बालिकेशी लग्न करू पाहणारा जरठ वर भुजंगनाथ आहे आणि पैशासाठी मुलगी विकायला निघालेला बाप कांचनभट. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील (१९१९) तळीराम तर नाटकाच्या चौकटीतून बाहेर पडून भाषेत स्थायिक झाला. ज्याने ते नाटक कधी पाहिले नाही, तोही मद्यप्याला तळीराम म्हणतो. नाव नेमके बसले की ते विशेषनामाचे सामान्यनाम होते, याहून मोठी पावती लेखकाला कोणती हवी? मात्र अशा नावांत एक धोका दडलेला असतो. पात्राने काही करण्यापूर्वीच त्याचा निकाल लागलेला असतो. नाटकाच्या तीन तासांत हे खपून जाते. माणूस उलगडत नेणाऱ्या कादंबरीत मात्र असे नाव पात्राच्या पायातली बेडी ठरते.

कादंबरीची वाट म्हणूनच वेगळी झाली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या पहिल्या मराठी कादंबरीची नायिका यमुना आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची नायिका यमू. नदीचे तेच नाव. परंतु हरिभाऊंनी ते घरात हाक मारण्याजोगे केले आणि वाचकाला आपल्याच घरातली मुलगी बोलते आहे असे वाटले. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिक आहे. हे नाव विदर्भाच्या मातीतूनच यावे लागते, ते शब्दकोशात शोधून मिळत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराच्या आडनावात त्याचे गाव आहे. पुण्यात शिकायला आलेल्या या तरुणाला ते गाव जसे सोडत नाही, तसे ते आडनावही सोडत नाही. ही नावे अर्थ सांगत नाहीत, पत्ता सांगतात. आणि माणसाचा पत्ता ठाऊक असल्याखेरीज त्याची गोष्ट सांगता येत नाही.

ओबडधोबड नावांविषयीचा आपला समज तर मुळातूनच तपासला पाहिजे. ‘जैत रे जैत’ या १९७७च्या चित्रपटात ठाकर समाजातील नायिकेचे नाव चिंधी आहे. शहरी प्रेक्षकाला ते गमतीदार किंवा केविलवाणे वाटते. परंतु मुले जगत नसत त्या काळात, दृष्ट लागू नये, यमाचे लक्ष जाऊ नये म्हणून बाळाला तुच्छ नाव देण्याची रीत उभ्या महाराष्ट्रात होती. दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी, चिंधी ही सारी नावे एकाच मातृहृदयाच्या भीतीतून आणि मायेतून जन्मली. पु. ल. देशपांड्यांच्या ‘असा मी असामी’चा नायक धोंडो भिकाजी जोशी, त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या, दोघांच्याही नावांत हीच श्रद्धा आहे. १९५८मध्ये भारतरत्न झालेले महर्षी कर्वे हेही धोंडो केशव. कोकणातल्या ब्राह्मणाचा धोंडो आणि डोंगरातल्या ठाकरांची चिंधी हे एकाच पाळण्यातले भाऊबहीण आहेत. मग धोंडोपंतांना आदर आणि चिंधीला कीव, हा भेद कुठून आला? तो नावात नाही, वाचणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या नजरेत आहे. ज्या लेखकाला हे नाते दिसते, त्याच्या हातून समाज जोडला जातो. ज्याला दिसत नाही, तो नकळत दरी रुंद करतो.

तुच्छ वाटणाऱ्या प्रत्येक नावामागे माया असतेच, असे मात्र नाही. ‘नकोशी’ हे नाव मुलगी झाल्याच्या निराशेतून ठेवले गेले. सातारा जिल्ह्यात २०११मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींचे नव्याने नामकरण करण्यात आले आणि एका नावाने लेकीच्या मनावर केवढे ओझे लादले होते, हे साऱ्या देशाला कळले. म्हणूनच ‘चिंधी’ आणि ‘नकोशी’ एका मापाने मोजता येत नाहीत. एकीला जगवण्यासाठी नाव दिले, दुसरीला नाकारण्यासाठी. हा फरक कळण्यासाठी लेखकाला नावांची यादी पुरत नाही. त्याला त्या घरात जाऊन बसावे लागते.

नावाइतकेच महत्त्व नावापुढच्या क्रियापदाला आहे. ‘रावसाहेब आले, सोम्या आला.’ कित्येक मराठी कथांत हे वाक्य इतक्या सहजपणे येते की त्यातला अन्याय कोणाला बोचत नाही. रावसाहेबांना आडनाव असते, वडिलांचे नाव असते, आदरार्थी बहुवचन असते. सोम्याला यांपैकी काहीच नसते. कथेतला सावकार त्याला ‘अरे सोम्या’ म्हणेल, ते कथेच्या सत्याला धरूनच आहे. तिथे खोटा आदर घातला तर कथाच लंगडी होईल. परंतु निवेदन सावकाराचे नसते, लेखकाचे असते. निवेदनातही सोम्या ‘सोम्या’च राहिला आणि साठीच्या वयातही ‘आला-गेला’च करीत राहिला, तर लेखकाने सावकाराची नजर उसनी घेतली आहे, असेच म्हणावे लागेल. दोष ‘या’कारान्त नावाचा नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली आणि २०११मध्ये ‘पद्मश्री’ मिळवली ती याच नावाने. ते नाव पूर्ण उच्चारले गेले, हे महत्त्वाचे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, कुळाचे नाव. म्हसे, वायेडा, वरठा, उंबरसाडा ही आडनावे या भागातल्या शाळेच्या हजेरीत रोज पुकारली जातात. मराठी कथेत मात्र ती क्वचितच ऐकू येतात.

याची दुसरी बाजूही तितकीच चिंताजनक आहे. ग्रामीण कथेत पाटील म्हटला की तो जुलमी, सावकार म्हटला की तो कपटी, भटजी म्हटला की तो लोभी, हा साचा चित्रपटांनी आणि मालिकांनी घट्ट केला. आडनाव उच्चारताच पात्राचे चारित्र्य ठरून जाते. लेखकाचे कष्ट वाचतात, पण त्याची किंमत त्या आडनावाची हजारो खरी माणसे चुकवतात. कोणत्याही जातीला जन्मजात खलनायक ठरवणे हे साहित्य नव्हे, तो आळस आहे. आडनावांचा नेमका उपयोग कसा करावा, हे ‘टाईमपास’ (२०१४) या लोकप्रिय चित्रपटातही पाहता येते. दगडू परब आणि प्राजक्ता लेले ही दोन नावे शेजारी ठेवताच संघर्ष समजतो, पण दोघांपैकी कोणीही आडनावामुळे वाईट ठरत नाही.

मासवणची गोष्ट लिहू पाहणाऱ्याने, म्हणूनच, लेखणी उचलण्यापूर्वी एकदा पालघरला जावे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, सुकुर गोविंद मोरे आणि रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. ही पाच नावे सावकाश वाचली, तर साऱ्या तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. पागधरे म्हणताच सातपाटीचे जाळे आठवते, चुरी म्हणताच किनाऱ्यालगतच्या वाड्या दिसतात, तिवारी हे नाव उत्तरेतून येऊन इथलेच झालेल्यांची आठवण देते आणि सुकुर या नावात शुक्रवार ऐकू येतो. कोणत्याही कल्पक लेखकाला सुचली नसती अशी ही यादी काळाने लिहिली. यातला एकही जण नुसत्या अर्ध्या नावाने स्मरला जात नाही. पाचही जणांची पूर्ण नावे आदराने घेतली जातात.

नावांची रीत आजही बदलते आहे. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत स्वतःच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. उद्याच्या कथेतल्या नायकाच्या नावात त्याची आईही असेल. तिचे नाव काय ठेवायचे, हा प्रश्न उद्याच्या लेखकापुढे उभा राहणार आहे.

खऱ्या माणसाला नको असलेले नाव राजपत्रात नोंद करून बदलता येते. साताऱ्याच्या लेकींनी ते बदलले. छापलेल्या कथेतल्या माणसाला ती सोय नाही. लेखकाने एकदा जे नाव ठेवले, ते पुस्तक वाचले जाईल तोवर त्याला चिकटून राहते. आणि त्या पुस्तकाचा वाचक केवळ पुण्या-मुंबईत नसतो. सूर्येच्या काठी, शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक घरी नेणारी एखादी मुलगी त्यात आपल्या आजीला शोधत असते. पुस्तकातली आजी तिला पूर्ण नावानिशी भेटावी आणि ‘आली’ नव्हे, तर ‘आल्या’ असे वाचायला मिळावे, एवढी अपेक्षा मराठी लेखकाकडून ठेवली, तर ती मुळीच जास्त नाही.