अमेरिकन वसाहतींतील असंतोष : शेतकऱ्याच्या खतावणींतून

अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड कां केलें, असें विचारल्यास शाळेंतील मुलगाहि चहावरील कराचें नांव सांगतो. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं बोस्टन बंदरांत चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत बुडविण्यांत आल्या, ही हकीकत चित्तवेधक आहे खरी. परंतु त्या वर्षाच्या नव्या कायद्यानें वसाहतींतील चहा पूर्वीपेक्षां स्वस्त होणार होता, हें फारसें कोणी सांगत नाहीं. स्वस्त माल लोक पाण्यांत कां टाकतात, याचा उलगडा केवळ कराच्या आंकड्यानें होणार नाहीं. वसाहतींतील बहुसंख्य लोक शेतीवर राहणारे होते. तेव्हां त्यांच्या रागाचें मूळ बंदराच्या धक्क्यावर शोधण्याऐवजीं शेतकऱ्याच्या खतावणींत शोधावें, असें आमचें मत आहे.

प्रथम व्हर्जिनिया प्रांताकडे पाहूं. तेथील मुख्य पीक तंबाखू. १६६० सालच्या कायद्यानें तंबाखू, साखर, कापूस, नीळ वगैरे माल इंग्लंड किंवा इंग्लंडच्या इतर वसाहती यांखेरीज अन्यत्र नेण्याची मनाई होती. या तंबाखूपैकीं फार मोठा भाग इंग्लंडांतून पुढें युरोपांतील इतर देशांत जाई. म्हणजे पिकविणारा एकीकडे, ओढणारा दुसरीकडे, आणि नफा मधल्या पेढीच्या घरीं. मोठे मळेवाले आपला माल पिंपांत भरून लंडनच्या अडत्याकडे पाठवीत. अडत्या जहाजभाडें, जकात, विमा, वखारीचें भाडें व स्वतःची अडत कापून घेऊन बाकीची पट्टी पाठवी, आणि ती हातीं येईपर्यंत पुढील हंगाम शेतांत उभा राही. कापड, अवजारें, सामानसुमान हेंहि त्याच अडत्यामार्फत मागवावयाचें. विकतांना भाव त्याचा आणि घेतांनाहि भाव त्याचाच. अशा व्यवहारांत खात्याची बाकी कोणाच्या अंगावर निघावयाची, हें आमच्या वाचकांस सांगण्याची जरूर नाहीं.

जॉर्ज वॉशिंग्टन हा पुढें सेनापति व अध्यक्ष झाला. पण त्यापूर्वीं तो माऊंट व्हर्नन येथील एक तंबाखू पिकविणारा जमीनदार होता. लंडनच्या रॉबर्ट केरी यांच्या पेढीशीं त्याचा व्यवहार असे. १७६४ सालीं आपल्या नांवावर सुमारें १,८०० पौंड देणें निघतें, हें त्याला कळलें. पुढच्या वर्षींच्या सप्टेंबरांत त्यानें पेढीला लिहिलेलें पत्र कोणाहि शेतकऱ्यानें वाचावें असें आहे. आपल्या मालाला इतरांपेक्षां कमी दर मिळतो, आणि आपणांस पाठविलेल्या जिनसांची किंमत मात्र भरमसाट लागते, हीच त्यांतील तक्रार. यानंतर त्यानें तंबाखू सोडून गहूं धरला. गव्हाला लंडनचा अडत्या लागत नव्हता. तो जवळच्या बाजारांत विकतां येई, व पीठ करून बाहेर पाठवितां येई. कागदोपत्रीं झालेल्या बंडाच्या दहा वर्षें आधीं या एका शेतकऱ्यानें लंडनच्या पेढीशीं असलेलें नातें आपल्या नांगरानेंच सैल केलें होतें. थॉमस जेफर्सन यानेंहि पुढें लिहून ठेवलें आहे कीं, हीं कर्जें बापाकडून मुलाकडे वारसाहक्कानें जात, आणि मळेवाले म्हणजे जणूं लंडनच्या पेढ्यांची मालमत्ताच होऊन बसले होते.

लहान शेतकऱ्यांची गांठ लंडनशीं नसून ग्लासगोच्या व्यापाऱ्यांशीं असे. या व्यापाऱ्यांच्या गुमास्त्यांनीं नद्यांच्या कांठीं दुकानें थाटलीं होतीं. तेथें तंबाखू द्यावा आणि उधारीवर माल घ्यावा. १७७२ सालीं स्कॉटलंडांतील एक मोठी बँक बुडाली, पतपेढ्यांवर संकट आलें, आणि ग्लासगोहून वसुलीचा तगादा सुरू झाला.

कर्ज फेडावें तर नाणें पाहिजे, आणि नाण्याचाच तेथें दुष्काळ. वसाहतींचीं विधिमंडळें कागदी चलन काढून ही नड भागवीत. १७६४ च्या कायद्यानें असें कागदी चलन देण्याघेण्यांत कायदेशीर मानण्याची बंदी झाली. त्याच्या आदल्याच वर्षीं, ७ ऑक्टोबर १७६३ रोजीं, राजाच्या जाहीरनाम्यानें अपालाचियन डोंगरांच्या पश्चिमेस वसाहत करण्यास मनाई केली होती. तंबाखूनें जमिनीचा कस लवकर जातो. नवी जमीन मिळणार या आशेवरच कित्येकांचा संसार चालला होता. (ती जमीन मूळच्या इंडियन जमातींची होती, आणि मळ्यांवर राबणारे हात गुलामांचे होते. स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलणाऱ्या या मंडळींनीं या दोन बाबी आपल्या हिशेबांत धरल्या नाहींत, हें येथें नमूद केलेंच पाहिजे.)

अशा स्थितींत १ नोव्हेंबर १७६५ पासून स्टँपाचा कायदा लागू झाला. जमिनीचें खत, कोर्टाचा कागद, वर्तमानपत्र, इतकेंच काय पण खेळण्याचे पत्तेसुद्धां या करांतून सुटले नाहींत. आणि हा कर ब्रिटिश चलनाच्या दरानें भरावयाचा होता. एका हातानें चलन काढून घ्यावें आणि दुसरा हात त्याच चलनासाठीं पुढें करावा, असा हा प्रकार झाला.

इंग्लंडची बाजू अगदींच लंगडी नव्हती. १७६३ सालीं संपलेल्या सात वर्षांच्या युद्धानें त्या देशाचें राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झालें होतें. वसाहतींचें रक्षण त्याच युद्धानें झालें, आणि इंग्लंडांतील प्रजा वसाहतवाल्यांपेक्षां कितीतरी जास्त कर देत होती. म्हणून कराच्या ओझ्यानें लोक उठले असें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. वसाहतींत मताधिकार बहुधा जमिनीशीं बांधलेला असे. ज्याच्या नांवावर जमीन, त्याच्या मतानें निवडलेलें विधिमंडळ कर बसवी. तीच जमीन आतां ज्या पार्लमेंटांत आपला एकहि प्रतिनिधि नाहीं त्याच्या हुकमाखालीं येणार, ही खरी बोच होती. स्टँपाचा कायदा १७६६ च्या मार्चांत रद्द झाला. पण त्याच दिवशीं पार्लमेंटानें वसाहतींसाठीं वाटेल तो कायदा करण्याचा आपला अधिकार जाहीर केला. १७६७ सालीं कांच, शिसें, रंग, कागद व चहा यांवर नवी जकात बसली, तेव्हां 'पेनसिल्वेनियांतील एका शेतकऱ्याचीं पत्रें' या नांवानें बारा पत्रें प्रसिद्ध झालीं. रक्कम लहान आहे म्हणून ती देऊं नका, कारण लहान रकमेनेंच अधिकार मान्य केला जातो, हा त्यांचा मथितार्थ. लेखक जॉन डिकिन्सन हा धंद्यानें वकील होता. वकिलानें शेतकऱ्याचें नांव घेतलें, कारण त्या नांवावर लोकांचा विश्वास होता!

पुढें चहाशिवाय बाकीची जकात उठली. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या वखारींत चहा पडून राहिला होता आणि कंपनी कर्जांत बुडाली होती. तिला वर काढण्यासाठीं १७७३ सालीं वसाहतींत आपल्या नेमलेल्या अडत्यांमार्फत चहा विकण्याची सवलत देण्यांत आली. पुढें १८१८ सालीं पेशवाई घेतली ती कंपनी हीच. बंगालच्या १७७० च्या दुष्काळांतील तिचें वर्तन अमेरिकेंत ठाऊक झालें होतें, व त्याचा दाखला तेथील पत्रकांत दिला जात होता. चहा स्वस्त होता खरा, पण दुकान एकाचेंच राहणार होतें. आणि एकाच दुकानाचा अनुभव शेतकऱ्यांना पुरेसा होता.

पेढ्यांचें कर्ज बुडविण्यासाठींच हें बंड झालें, असा आरोप तेव्हांहि झाला. तो आम्ही खरा मानीत नाहीं. मॅसॅच्युसेट्सच्या आंतल्या भागांतील शेतकऱ्यांस लंडनचें असें कर्ज नव्हतें. तरी १७७४ सालच्या कायद्यानें गांवसभांवर बंधन आलें आणि न्यायाधीश गव्हर्नरच्या मर्जीनें नेमले जाऊं लागले, तेव्हां पहिले तेच उठले. त्यांना भय होतें कीं, असा न्यायाधीश उद्यां आपल्या जमिनीवर जप्ती आणील. ६ सप्टेंबर १७७४ रोजीं वूस्टर येथें सुमारें ४,६०० लोक जमले आणि त्यांनीं कोर्ट भरूं दिलें नाहीं. न्यायाधीशांस टोपी हातांत घेऊन दुतर्फा उभ्या असलेल्या शेतकऱ्यांमधून चालावें लागलें, व आपला माफीचा कागद पुनः पुनः वाचून दाखवावा लागला. गोळी एकहि सुटली नाहीं. लेक्झिंग्टनची लढाई यानंतर सात महिन्यांनीं झाली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर ब्रिटिश व्यापाऱ्यांनीं जुन्या कर्जाचा दावा मांडला. तो सुमारें ४९ लक्ष पौंडांचा होता, व त्यांपैकीं सुमारें २३ लक्ष एकट्या व्हर्जिनियाकडे होते. अखेर १८०२ सालीं अमेरिकन सरकारनें ६ लक्ष पौंड देऊन तो मिटविला. वूस्टरचें कोर्ट मात्र १७८६ च्या सप्टेंबरांत पुनः बंद पडलें. कर रोख नाण्यांतच भरा आणि कर्जासाठीं जमीन सोडा, असा हुकूम त्या वेळीं त्यांच्या स्वतःच्याच राज्य सरकारचा होता, आणि दारांत उभे राहिलेले लोक पुनः शेतकरीच होते.