घरदुरुस्तीचे तंटे : सुलह म्हणजे मुरव्वत नव्हे

आपल्या समाजात गवंडी, सुतार, फरशीवाले, रंगारी, सेंट्रिंगवाले मोठ्या संख्येने आहेत. घरावर मजला चढवणारे आणि दुकान वाढवणारे व्यापारीही आपलेच आहेत. त्यामुळे बांधकामाचा तंटा उभा राहिला की दोन्ही पक्ष पुष्कळदा एकाच मोहल्ल्यातले, एकाच सफमध्ये नमाजला उभे राहणारे असतात. काम सुरू होताना 'आपलाच माणूस आहे' म्हणून कागद होत नाही. काम संपताना 'आपल्याच माणसाने बुडवले' म्हणून सलाम बंद होतो.

असे तंटे मध्यस्थीने मिटवावेत, हे आता सगळेच म्हणतात. आम्हीही म्हणतो. परंतु आपल्याकडे मध्यस्थी या नावाखाली जे चालते, त्यात बराच भाग मुरव्वतीचा असतो. चार बुजुर्ग बसतात, चहा येतो, आणि अर्ध्या तासात फर्मावले जाते की मिस्त्रीने तीस हजार सोडावेत, मालकाने वीस हजार द्यावेत आणि गळाभेट करावी. भिंत कोणी पाहिलेली नसते, माप कोणी घेतलेले नसते. बहुतेक वेळा माफ करायला सांगितले जाते ते कारागिरालाच, कारण तो गरीब आहे आणि पुढचे काम त्याला याच मोहल्ल्यात मिळवायचे आहे. मजुराची उजरत त्याचा घाम सुकण्याआधी द्या, ही हदीस बयानात ऐकणारे आपण, त्याच उजरतीला कात्री लावण्यास सुलह म्हणू लागलो आहोत.

मध्यस्थ आणि लवाद यांत फरक आहे. लवाद निकाल देतो. मध्यस्थ निकाल देत नाही. दोघांना कबूल होईल अशी तोड निघेपर्यंत तो दोघांबरोबर बसतो, लागल्यास प्रत्येकाशी वेगळे बोलतो आणि एकाची खासगी गोष्ट दुसऱ्याला सांगत नाही. काबागृहाच्या पुनर्बांधणीचा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. हजरे अस्वद कोणी बसवावा यावरून कुरैशच्या टोळ्या तलवारीपर्यंत आल्या होत्या. त्या वेळी पैगंबर मुहम्मद (स.) पस्तीस वर्षांचे होते आणि नुबुव्वत अजून मिळालेली नव्हती. त्यांनी कोणत्याही टोळीला खोटे पाडले नाही. चादर अंथरली, दगड तिच्यावर ठेवला आणि प्रत्येक टोळीच्या सरदाराला कडा धरायला लावली. तोही बांधकामातलाच तंटा होता, आणि त्यात कोणाला आपला हक सोडावा लागला नाही.

कापडाच्या धंद्यात माल नापसंत झाला तर दलाल पेढीवर येतो, तागा उलगडतो, डाग मोजतो आणि दोघांच्या देखत वटाव ठरतो. माल समोर असतो म्हणून भांडण लांबत नाही. भिंत अशी उलगडता येत नाही. गिलाव्याच्या आत काय आहे हे मालकाला कळत नाही आणि मालकाच्या मनात काय होते हे मिस्त्रीला कळत नाही. म्हणून या तंट्यात टेप आणि जाणकार माणूस आधी हवा, नसीहत नंतर.

अलीकडे आम्ही ज्या एका बैठकीत बसलो तिची हकिगत पाहा. वरच्या मजल्याचे काम, मजुरी ठेक्याने, माल मालकाचा. मिस्त्री म्हणे अडुसष्ट हजार येणे आहे. मालक म्हणे वीस हजारांच्या वर एक पैसा नाही. दोघेही कसम खायला तयार. आम्ही एका निवृत्त ओव्हरसिअरांना सोबत नेले. निम्मे भांडण खिडक्यांचे निघाले. मालकाने गिलाव्याच्या मापातून प्रत्येक खिडकी आणि झरोका दोन्ही बाजूंनी वजा केला होता. मिस्त्रीने काहीच वजा केले नव्हते, सगळे भरून मोजले होते. मोजमापाचे भारतीय मानक १२०० आहे. त्यानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट होत नाही, आणि त्याहून मोठ्या पण तीन चौरस मीटरपर्यंतच्या खिडकीची एकाच बाजूची होते, कारण कडांचा गिलावा गवंड्याला करावाच लागतो. दोघेही चूक होते, आणि हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. टेप धरायला मालकाचा मुलगा एका टोकाला, मिस्त्रीचा भाऊ दुसऱ्या टोकाला. त्या तासाभरात आवाज खाली आले.

उरलेला वाद भेगांचा होता. पश्चिमेच्या भिंतीला आणि स्लॅबला बारीक भेगा. मालक म्हणे सिमेंट कमी घातले. मिस्त्री म्हणे पाणी मारले नाही. काँक्रीट ओले ठेवण्याची मुदत भारतीय मानक ४५६ मध्ये साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या उष्ण हवेत किमान दहा दिवस अशी आहे. पाणी मारणे कोणाकडे, हे ठरलेच नव्हते. मालकाला वाटले मिस्त्रीचे पोरगे मारील. मिस्त्रीने चौथ्या दिवशी माणसे दुसऱ्या कामावर नेली. शेवटी मालकाने सिमेंट-वाळू द्यावी, मिस्त्रीने ती भिंत मजुरी न घेता पुन्हा करावी, आणि सत्तेचाळीस हजार तीन हप्त्यांत, पहिला हप्ता तिथेच, असे ठरले. माळा आणि कठडा ही वाढीव कामे मालकाने मान्य केली, कारण ती त्याच्या बेगमने सांगितली होती हे त्याला आतल्या खोलीतून कळले.

अशी तोड झाली नाही तर पुढे काय, हेही पाहिले पाहिजे. रेरा कायदा २०१६ चा आहे, परंतु ज्यात विक्री किंवा जाहिरात नाही अशा दुरुस्तीच्या कामाला तो प्रकल्प म्हणून लागू होत नाही. मालकाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि तिथेही मध्यस्थीची सोय ठेवली आहे. मिस्त्री मात्र ग्राहक नाही. त्याला दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो, तोही काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. 'ईदनंतर देतो, पावसाळ्यानंतर देतो' यात कित्येकांची मुदत निघून जाते. मध्यस्थीची बोलणी चालू आहेत म्हणून मुदत आपोआप थांबेल या भरवशावर कारागिराने राहू नये.

मोठ्या ठेकेदारांनाही हाच रस्ता दाखवला गेला आहे. कोचीन बंदराच्या पूल-रस्त्यांच्या कामातून अॅफकॉन्स आणि तिच्या उपठेकेदारात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१० मध्ये न्यायालयाने सांगितले की लवादाकडे पाठवायला दोघांची संमती लागते, मध्यस्थीकडे मात्र कोर्ट स्वतः पाठवू शकते. कराराचे आणि व्यापाराचे वाद त्यास योग्य आहेत, असेही नमूद केले.

मोहल्ल्यातल्या समझोत्याची खरी कमजोरी पुढे दिसते. पहिला हप्ता मिळतो, दुसरा राहतो. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे, पण त्यातल्या समझोत्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ दिलेले नाही. उपाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. दावा दाखल नसतानाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करून समझोता लोकअदालतीपुढे ठेवता येतो. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. कोर्ट फी लागत नाही. त्या बैठकीतल्या दोघांना आम्ही तिकडेच पाठवले. मालकाला आधी ते अपमानाचे वाटले. जबान दिली आहे, मग कागद कशाला, असे तो म्हणाला. सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि गवाह करायला सांगते, तिथे अपमान नाही, एवढेच आम्ही त्याला म्हणालो.

काम सुरू होण्याआधी एक पान लिहावे हे तर आहेच. दर ब्रासचा की ठोक, वजावट कशी, पाणी कोण मारणार, वाढीव काम कोण सांगणार, उचल किती. गवंडी लिहू शकत नसेल तर त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावे.

आमची सूचना व्यापारी मंडळांना आणि जमातच्या जबाबदार मंडळींना आहे. यादी करावी, त्यात एक निवृत्त ओव्हरसिअर, एक जुना मिस्त्री, एक व्यापारी आणि एक वकील असावा. ज्याचे स्वतःचे बांधकाम चालू आहे त्याला त्या वर्षी यादीत घेऊ नये. जुन्या मिस्त्रीचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो दोन्ही पक्षांनी निम्मा-निम्मा आधीच जमा करावा. बैठक मालकाच्या दिवाणखान्यात नको, मिस्त्री तिथे दारातच बसतो. काम जिथे झाले तिथे, सगळ्यांनी उभे राहून, दिवसाउजेडी व्हावी. रमजानच्या आधी ही यादी झाली तर बरे. ईदच्या तोंडावर रंगकाम आणि फरशीची कामे निघतात आणि थकलेल्या पैशांच्या तक्रारी त्याच दिवसांत सर्वांत जास्त येतात.