नोंदवहीला दुसरं घर हवं

हट्ट्याच्या आमच्या बचत गटातल्या काही जणी आता जनावरांच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवतात, याचं कौतुकच आहे. 'बॅकअप आहे ना ताई,' म्हणतात. आणि तो पेनड्राइव्ह कुठे? त्याच टेबलाच्या खणात! चोरी झाली, वायरिंग जळालं की दोन्ही एकदमच जाणार. याला बॅकअप म्हणायला मी तयार नाही.

जातं काय ते बघा. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांनी. भरवल्याची तारीखच हरवली, तर विण्याआधी दोन महिने दूध कधी आटवायचं? २०२२ साली लम्पी आला, तेव्हा दगावलेल्या दुधाळ गायीमागे सरकारने ३०,००० रुपये दिले, बैलामागे २५,०००. अशा वेळी कागद हाताशी लागतात. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर 'भारत पशुधन'वर सापडेल हो, पण पेंडीची उधारी नि रोजच्या दुधाचा हिशोब आपला आपणच जपायचा.

म्हणून मैत्रिणींनो, पेनड्राइव्हवर प्रत घेतली की तो लगेच काढा. लावून ठेवला तर व्हायरस त्यालाही खातो. आणखी एक प्रत वसमतला बहिणीकडे किंवा स्वतःच्या ई-मेलवर असू द्या. दर आठवड्याला तारीख घालून नवी फाईल करा. जुनीवर नवी चढवली, तर चुकीचा आकडा सगळीकडे जातो. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघाच. 'ते पोरांचं काम' म्हणू नका. गाय माजावर आल्याचं पहाटे गोठ्यात आपल्यालाच दिसतं. पोरं तेव्हा झोपलेली असतात.