लंगोट, बोअरचं पाणी आणि लाल डबा

मुलगी झाली आणि आम्ही कापडी डायपर वापरायचं ठरवलं, तेव्हा आमच्या बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या सोसायटीतून तीन पूर्वपक्ष दारात हजर झाले: पाणी, स्वच्छता आणि बायकांची हमाली. चौथा साताऱ्याहून फोनवर आला. आई म्हणाली, "आम्ही जुन्या लुगड्यांची बाळोती हातानं धुतली, तुम्हाला मशीन असून जड जातं?" हा पक्ष आमच्याच बाजूचा, राग मात्र मला त्याचाच जास्त आला. का, ते पुढे.

आधी पाणी, कारण तो आक्षेप पोकळ नाही. बेंगळुरूला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून येतं, तेही वाटेत जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून. मार्च 2024 मध्ये बोअर आटले तेव्हा जलमंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घातली, दंड 5000 रुपये. अशा गावात लंगोट कसले धुता, असं कुणी विचारलं तर तो आगाऊपणा नव्हे. आमचा हिशेब मांडतो. दिवसाला सहा-सात लंगोट, एक दिवसाआड मशीन. आधीचं खळबळणं आणि मुख्य धुणं मिळून शंभरेक लिटर, म्हणजे रोजचे पन्नास. शहरी माणसामागे रोज 135 लिटर पाणी हा सरकारी मापदंड. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून हे जास्त, कमी मुळीच नाही. म्हणून शेवटच्या खळबळण्याचं पाणी टबात धरून संडासात ओततो. सोसायटी निव्वळ टँकरवर होती त्या पंधरवड्यात आम्हीही फेकायचेच डायपर आणले. धर्म बुडाला नाही. पण पाणी फक्त आपल्या नळातूनच खर्च होतं, हे मानायला मी तयार नाही. फेकायच्या डायपरमधला लाकडाचा लगदाही पाण्यावाचून होत नाही. ते पाणी आपल्याला दिसत नाही, एवढंच.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका अभ्यासू गृहस्थांनी ब्रिटिश अहवाल काढला. 2008 च्या त्या सरकारी अहवालात अडीच वर्षांच्या वापराचा कार्बनचा हिशेब आहे: फेकायचे डायपर 550 किलो, कापडी 570 किलो. झालं, निकाल लागला! पण त्याच अहवालात पुढे लिहिलंय की मशीन पूर्ण भरून लावलं, कपडे बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले, तर कापडी डायपरचा भार चाळीस टक्क्यांपर्यंत उतरतो. वीज जाळून वाळवले तर उलट चढतो. 2023 च्या नव्या ब्रिटिश हिशेबात तर कापडी डायपर पंचवीस टक्क्यांनी हलके ठरले. थोडक्यात, सगळा मामला दोरीचा आहे. आणि दोरीलाच आमच्या सोसायटीत मनाई. कठड्यावर कपडे दिसले तर इमारतीची शोभा जाते म्हणे.

आता वास आणि पुरळ. 'कापडी वापरले, दोन महिन्यांत अमोनियाचा वास मारायला लागले, सोडून दिले' ही कहाणी मी निदान सहा घरांत ऐकली. दोष कापडाचा नव्हता. बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. त्यात जाणकार आयांचा सल्ला असतो की पावडर चमचाभरच घाला, नाहीतर ती कापडात साचते. आम्हीही तसंच केलं, आणि तिसऱ्या आठवड्यात घराला नाक दाबून धरावं लागलं. साचली होती ती पावडर नव्हे; न निघालेली लघवी आणि पाण्यातले क्षार. रिठ्याच्या द्रवानंही काही हाललं नाही. शेवटी साधी मशीनची पावडर, पुड्यावर लिहिलेल्या पूर्ण मापानं घातली आणि आतले पॅड गरम पाण्यात धुतले, तेव्हा वास गेला. मऊपणासाठी घालतात तो सुगंधी द्रव मात्र वर्ज्य. त्याचा लेप बसला की कापड शोषायचंच थांबतं. वरचं कव्हर उकळायचं नाही, इस्त्री करायची नाही, नाहीतर आतला प्लास्टिकचा पापुद्रा सुटतो. नवे सुती पॅड चार-पाच धुण्यांनंतरच नीट पितात. पिवळे डाग उन्हावर सोपवावेत.

यातलं काहीही आईच्या बाळोत्यांना लागू नव्हतं. ती एकेरी सुती फडकी, विहिरीचं पाणी, अंगणभर ऊन. आणि धुणारी कोण? आजी, काकू, नाहीतर बाळंतीण स्वतः. 'आम्ही नाही का केलं' या वाक्यातले 'आम्ही' नेहमी स्त्रीलिंगी असतात, म्हणून मला राग आला. हमालीचा आक्षेप घेणाऱ्या शेजारणीचं म्हणणं म्हणूनच मला पूर्ण मान्य. फक्त तिचा निष्कर्ष मान्य नाही. आमच्याकडे धुणं माझ्याकडे आहे. रोज सकाळी वीस मिनिटं. ते ऐकून ती म्हणाली, "सगळीकडे असं नसतं हो." खरं आहे, नसतं. ज्या घरात पुरुष हात लावणार नाही, तिथे बाळंतिणीवर हे ओझं टाकायला मीही सांगणार नाही. कामाच्या बाईंनी शी-शूचे कपडे धुवायला नकार दिला, तोही बरोबरच होता.

तोच न्याय मग लाल डब्याला का नको? डिसेंबर 2015 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या शहरात ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका पिशवीत आणि डायपर-पॅड लाल डब्यात असा नियम आहे. डायपर कागदात गुंडाळून, खूण करून द्यायचा. त्याआधी त्यातली शी संडासात टाकायची, हे फेकायच्या डायपरलाही चुकत नाही. पण टाकतं कोण? सात डायपर, सात गच्च गोळे, रोज. ते उचलते पौरकार्मिक (सफाई कामगार) बाई, आणि पुडकं सुटलं की निवडावंही तिलाच लागतं. माझ्या मुलीची शी माझ्या हाताला लागली तर काय बिघडलं? त्या बाईचा तिच्याशी काय संबंध? मंडूर गावानं वर्षानुवर्षं बेंगळुरूचा कचरा सोसला आणि अखेर 2014 मध्ये गाड्या थांबवायला लावल्या. त्या ढिगात आपली बाळं किती होती, हे स्वच्छतेवर व्याख्यान देणाऱ्यांनी एकदा विचारात घ्यावं.

सोसायटीनं दोरीबद्दल परवा दुसरी नोटीस लावली. मी दोरी कठड्याच्या आत, कमरेच्या खाली बांधून घेतली आहे. ऊन तिथे दहा ते साडेअकरा येतं. पॅडना दोन दिवस लागतात, कव्हर लगेच वाळतात.