फुकट मिळालं, पण मुक्त आहे का?

मुलुंडच्या एका शिक्षिकेनं मला तिची वर्कशीट दाखवली. विषय विद्युत परिपथ. एक आकृती पाठ्यपुस्तकातली, बल्बचं चित्र गूगलवरून घेतलेलं, खालचे प्रश्न मात्र तिचे स्वतःचे आणि उत्तम. ‘‘सर, ही तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पाठवू का?’’

वर्गात वापरायला हरकत नाही. शिकवण्यासाठी तेवढी मुभा 1957च्या कॉपीराइट कायद्यातच आहे. पण पुस्तिका करून सगळीकडे वाटायची, तर आकृतीचा आणि चित्राचा हक्क कुणाचा, हे पाहावंच लागतं. ई-बालभारतीवर पुस्तकं फुकट उतरवता येतात, हे मोठंच काम आहे. हक्क मात्र बालभारती या पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव असतात. फुकट आणि मुक्त यांतला फरक तो हाच.

मुक्त साहित्य शोधायला लांब जायला नको. पवईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही आहेत. त्यांचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, ‘सीसी बाय-एसए’ : श्रेय द्या, हवं तर बदला, पण बदललेलंही तसंच मुक्त ठेवा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या गोष्टीचं शेवटचं पान उघडा. लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं आणि परवाना तिथंच छापलेला असतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’वर तर परिपथ जोडायची प्रतिकृती मराठीत आहे. मुलानं तार जोडली की दिवा लागतो.

त्या बाईंनी आकृती स्वतः काढली, बल्बचं चित्र विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलं, चित्रकाराचं नाव आणि परवाना खाली लिहिला. शेवटी आपलंही नाव घातलं, ‘सीसी बाय’ म्हणजे ‘फक्त श्रेय द्या’ या परवान्यासह. अर्ध्या तासाचं काम. आता ती वर्कशीट बोरिवलीतल्या शिक्षकाला आपल्या वर्गाप्रमाणे बदलता येईल, त्यासाठी कुणाचा फोन नंबर शोधावा लागणार नाही.

शिक्षकांनी एवढं जरूर करावं. पण खरी मागणी बालभारतीकडे आहे. राज्यातल्या मुलांसाठीच 1967 साली हे मंडळ स्थापन झालं. त्याची पुस्तकं जवळपास प्रत्येक मराठी शाळेत पोचतात. निदान आकृत्या, नकाशे आणि स्वाध्याय तरी मुक्त परवान्यानं द्यावेत. कविता-धड्यांच्या लेखकांचे हक्क त्यांच्याकडेच राहू देत. मंडळानं स्वतः करून घेतलेल्या आकृत्यांना कुलूप कशासाठी? शिक्षकाला पुस्तक वाचायची परवानगी आहेच. त्यात भर घालायचीही हवी.