पिलबागेला नवं रान कशाला?

आमच्या फैजपुरात केळीचा हिशोब शेंबड्या पोरालाही कळतो. पहिली लागवड ती नवती. तिला रान तयार करा, बेणं आणा, ठिबक अंथरा, सगळा खर्च अंगावर घ्या. घड कापला की त्याच बुडाशी आलेलं एक पील राखायचं, बाकीची काढून टाकायची. ती पिलबाग. नांगरट नाही, बेण्याचा खर्च नाही आणि माल नवतीपेक्षा लवकर हातात. माझ्या लेखी व्हिडिओ गेमचा दुसरा भाग म्हणजे पिलबाग. पण नवं रान घेतल्याशिवाय पील धरायचंच नाही, असं गेम कंपन्यांनी आणि त्यांच्या भाटांनी गेली दहा वर्षं आपल्या डोक्यात भरवलंय. आणि आपणही माना डोलावतोय.

मी जीटीए या गेम-मालिकेतला 'व्हाइस सिटी' खेळलो ते गावातल्या सायबर कॅफेत, लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून. वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड लिहिलेले असायचे. 'पँझर' टाइप केलं की आकाशातून रणगाडा, 'अ‍ॅस्पिरिन' टाइप केलं की तब्येत ठणठणीत. त्या अ‍ॅस्पिरिनच्या शेवटी एक जादा 'ई' लागायचा. त्यापायी मी त्या गोळीचं स्पेलिंग आजही चुकतो. त्या गेमचा नायक टॉमी पाण्यात पडला की मेलाच. पोहायचं नावच नाही. पुढे 'सॅन अँड्रियास' आला, त्याचा नायक सीजे मस्त पोहायचा, सायकल चालवायचा, जास्त खाल्लं तर ढेरी सुटायची. एका शहराची तीन शहरं झाली.

आता तारखा बघा. 'जीटीए 3' 2001 चा, 'व्हाइस सिटी' 2002 चा, 'सॅन अँड्रियास' 2004 चा. तिन्ही आधी आले ते एकाच डब्यावर, प्लेस्टेशन 2 वर. त्या डब्यात मेमरी 32 एमबी! यंत्र तेच, पण नायक पोहायला शिकला. याला म्हणतात दुसरा भाग.

'जीटीए 5' 2013 मध्ये आला तो प्लेस्टेशन 3 वर, म्हणजे सात वर्षं जुन्या डब्यावर. मग तोच माल 2014 ला प्लेस्टेशन 4 वर आणि 2022 ला प्लेस्टेशन 5 वर पुन्हा विकला. आणि सहावा? आधी 2025 म्हणाले, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026. प्लेस्टेशन 5 ची मेमरी 16 जीबी, म्हणजे त्या जुन्या डब्याच्या पाचशेपट. वाट बघायची दोन वर्षांची तेरा वर्षं झाली. यंत्र पाचशेपट मोठं झालं आणि गेम करणाऱ्यांचा दम गेला.

या सहाव्या जीटीएचा ट्रेलर आला तेव्हा पुतण्या माझ्या नाकासमोर मोबाइल धरून म्हणाला, "काका, बाटलीतले बुडबुडे पाह्य ना!" पाहिले. बिअरच्या बाटलीतले बुडबुडे खरेच सुंदर आहेत. पण बुडबुड्यांसाठी तेरा वर्षं? मी त्याला विचारलं, गोष्ट काय आहे रे? त्याला माहीत नव्हतं. तो ट्रेलर प्लेस्टेशन 5 वर चित्रित केलाय, हे मात्र तोंडपाठ.

पोराचा दोष नाही. 2020 मध्ये प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचे साहेब सांगत होते, आम्ही पिढ्या मानतो, नव्या यंत्रासाठी नवे गेम. दोन वर्षांत 'होरायझन'चा आणि 'गॉड ऑफ वॉर'चा पुढचा भाग आला आणि दोन्ही जुन्या प्लेस्टेशन 4 वरही मजेत चालले. मग प्लेस्टेशन 5 हे नवं यंत्र कशासाठी घ्यायला लावलं होतं? भारतात ते 2 फेब्रुवारी 2021 ला आलं, 49,990 रुपयांना. पुढच्याच वर्षी 54,990. यंत्र जुनं होईल तसं महाग होत जाणं, हा व्यवहार केळीच्या व्यापाऱ्यालाही जमलेला नाही! एका शहरात मी ते घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, नुसतं मिळणार नाही, हे दोन गेम सोबत घ्यावे लागतील. घेतले. मूर्ख मीच. घरी येऊन बघतो तर गेम शंभर जीबीचा. रोज दोन जीबीच्या रिचार्जवर पन्नास दिवस, तेही लाइट राहिली तर.

परदेशातल्या कंपन्यांचं सोडा. मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स'चा दुसरा भाग 2012 मध्ये काढला तो प्लेस्टेशन 2 वर. बारा वर्षांचा म्हातारा डबा, पण आपल्या घराघरांत होता तोच. कुणाकडे काय आहे हे बघून गेम करणारी माणसं होती ती. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 2020 मध्ये 'राजी' काढला तो आधी निन्टेंडो स्विचवर. ते दुबळं यंत्र, तेही भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं (हा आपल्या नशिबाचा भाग). राक्षसांनी पळवलेल्या गोलू नावाच्या भावाला शोधणारी बहीण, भिंतींवर चित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा. पाच-सहा तासांत संपणारा तो गेम मी एका रविवारी संपवला. शेवट मात्र अर्ध्यावर सोडल्यासारखा. त्याला हार्डवेअर जबाबदार नव्हतं.

आता त्याचा पुढचा भाग 'राजी: कलियुग' जाहीर झालाय, नव्या यंत्रांसाठी. पुतण्याच्या कॉलेजातल्या सहा-सात पोरांना मी ट्रेलर दाखवला. फ्रेम किती मिळतील, फोर-के आहे का, रे ट्रेसिंग आहे का, सगळं विचारून झालं. गोलूचं काय झालं, हे एकानेही विचारलं नाही.